चंदीचं पोतं आणि घोड्याचं लिव्हर : नव्याने घोडा पाळणाऱ्यांसाठी

सारंगखेड्याच्या बाजारात घोडा घेताना माणसं दात बघतात, भोवरे बघतात, चाल बघतात, चारी खूर उचलून बघतात. व्यवहार झाला की घोडा टेम्पोत चढतो. घरी आल्यावर त्याला काय घालायचं हे मात्र गावातल्या पेंडीच्या दुकानदाराला विचारून ठरतं. दुकानदार म्हशींना देतो तेच देतो: मक्याचा भरडा, सरकी पेंड, शेंगदाणा पेंड, थोडा कोंडा. पहिला हिवाळा बरा जातो. पावसाळा लागला की पोत्याला कुबट वास येऊ लागतो आणि घोडा चंदी, म्हणजे धान्य-पेंडीचा खुराक, अर्धी ठेवायला लागतो. मालक म्हणतो, "नखरे करतोय."

नखरे असतीलही. पण घोडा खाणं ठेवतो तेव्हा आधी पोत्यात हात घालावा, मग घोड्याला बोल लावावा. हा लेख त्या पोत्याबद्दल आहे, आणि त्यातली बुरशी घोड्याच्या लिव्हरला, म्हणजे यकृताला काय करते त्याबद्दल.

आधी थोडं समजून घ्या

बुरशी आणि बुरशीचं विष या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हिरवट, काळपट, पांढरी लव दिसते ती बुरशी. ती वाढताना धान्यात जे रसायन सोडते ते विष. बुरशी झटकली, उन्हात वाळवली, धुतली तरी विष दाण्यात राहतं. उकळूनही जात नाही. त्यामुळे "जरा वास येतोय, पण हरभरा शिजवून घालतो" याला काही अर्थ नाही. शिजवल्याने वास जातो आणि घोडा फसून खातो, एवढंच होतं.

विषं पुष्कळ आहेत. नवख्याने दोन नावं लक्षात ठेवावीत.

पहिलं अफ्लाटॉक्सिन. अॅस्परजिलस नावाची बुरशी ते बनवते. शेंगदाणा, सरकी, मका आणि त्यांच्या पेंडी ही तिची आवडती जागा. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले, तेव्हा ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीत हे विष सापडलं. आपल्याकडची गोष्ट त्याहून जवळची आहे. १९७४ मध्ये गुजरातचा पंचमहाल आणि राजस्थानचा बांसवाडा या भागांतल्या आदिवासी गावांत अवकाळी पावसात भिजलेला मका खाऊन शंभराहून अधिक माणसं कावीळ होऊन दगावली. तेच अन्न खाणारी कुत्रीही मेली. या विषाचा मुख्य मारा यकृतावर असतो, कारण पोटातून आलेलं रक्त आधी तिथे जातं आणि विषाचं सगळ्यात घातक रूप यकृताच्या पेशीतच तयार होतं.

दुसरं फ्युमोनिसिन. हे फ्युजेरियम बुरशीचं आणि जवळजवळ सगळं मक्यातलं. घोडा, गाढव आणि खेचर यांच्याइतकं या विषाला नाजूक दुसरं जनावर नाही. घोड्याच्या मेंदूतला पांढरा भाग त्याने अक्षरशः विरघळतो, आणि काही घोड्यांत आधी यकृत जातं. अमेरिकेत १९३० च्या दशकात बुरशी लागलेल्या मक्याने हजारो घोडे मेले. विषाचं नाव मात्र १९८८ मध्ये दक्षिण आफ्रिकेत सापडलं, म्हणजे पन्नासेक वर्षं लोकांना नुसता "मक्याचा आजार" एवढंच माहीत होतं.

आता एक आकडा, जो दुकानदाराला माहीत नसतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या शिफारशीनुसार कत्तलीसाठी वाढवलेल्या गुरांच्या मक्यात फ्युमोनिसिन ६० पीपीएमपर्यंत, म्हणजे किलोमागे ६० मिलिग्रॅमपर्यंत चालतं. घोड्यासाठी मर्यादा ५ पीपीएम, आणि तोही मका एकूण खाण्याच्या २० टक्क्यांहून जास्त नको. म्हणजे जो मका खाऊन बैल ठणठणीत राहतो, तोच घोड्याला मारू शकतो. "आमच्या म्हशी हेच खातात" हा दाखला घोड्याच्या बाबतीत चालत नाही.

घोड्याच्या शरीराच्या दोन गोष्टी इथे आड येतात. त्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे आत गेलेलं बाहेर येत नाही. आणि यकृताची राखीव ताकद इतकी मोठी असते की साधारण तीन-चतुर्थांश काम बंद पडेपर्यंत बाहेरून फारसं काही दिसत नाही. लक्षणं दिसतात तेव्हा आपण आधीच उशिरा पोचलेले असतो. म्हणूनच पुढच्या पायऱ्यांत औषधापेक्षा पोत्यावर जास्त शब्द खर्च केले आहेत.

पायरी १ : चंदी कमी, वैरण जास्त

विषाचा धोका बहुतेक धान्यात आणि पेंडीत असतो. धान्य जितकं कमी, तितका धोका कमी. घोडा मुळात गवत खाणारं जनावर आहे. त्याच्या वजनाच्या दीड ते दोन टक्के कोरडा चारा त्याला रोज लागतो. ३५० किलोच्या काठियावाडी किंवा मारवाडी घोड्याला म्हणजे पाच ते सात किलो. लग्नाच्या हंगामाबाहेर नुसता उभा असलेला, किंवा आठवड्यातून दोनदा फिरणारा घोडा चांगल्या गवतावर आणि मीठ-खनिजांवर मजेत राहतो. त्याला रोज चार किलो चंदी घालणं ही हौस आहे, गरज नाही.

काम करणाऱ्या घोड्याला धान्य लागतं. मग जव, ओट, हरभरा यांवर भर द्या. मका पूर्ण बंद करा असं मी म्हणत नाही, पण नवख्याने तो टाळलेला बरा. शेंगदाणा पेंड आणि सरकी पेंड घोड्याला न दिलेलीच बरी, निदान पावसाळ्यात तरी. तेवढी प्रथिनं हरभऱ्यातून आणि थोड्या लसूणघासातून मिळतात.

एक गोष्ट विषयाच्या जरा बाहेरची, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. गुरांचं किंवा कोंबड्यांचं तयार पशुखाद्य घोड्याला कधीही घालू नका. त्यात कधी मोनेन्सिन नावाचं औषध मिसळलेलं असतं. कोंबडीला आणि गुरांना ते चालतं, घोड्याचं हृदय मात्र त्याच्या अगदी थोड्या मात्रेने बंद पडतं. बुरशी नसलेल्या, ताज्या, छान वासाच्या पोत्यानेही असा घोडा गेलेला असतो.

पायरी २ : विकत घेताना

मका घेत असाल तर ऑक्टोबरचा काळ जपून. परतीच्या पावसात सापडलेलं पीक, उभ्या कणसाला लागलेली अळी, आणि घाईघाईत बाजारात आलेला ओला माल हे तिन्ही एकत्र येतात. फ्युमोनिसिन शेतातच तयार झालेलं असतं. तुम्ही पोतं कितीही नीट ठेवलं तरी आत आलेलं विष कमी होत नाही. अफ्लाटॉक्सिनही उभ्या पिकात शिरू शकतं, विशेषतः दाणे भरताना पावसाने ताण दिला असेल तर. पण ते साठवणीत वाढतं, आणि तिथे आपला हात चालतो.

भरडा किंवा चुरी घेऊ नका, अख्खा दाणा घ्या आणि घरी किंवा गिरणीत लागेल तेवढाच भरडून आणा. याला दोन कारणं. अख्ख्या दाण्याचं टरफल बुरशीला थोडं तरी अडवतं. आणि तुटलेल्या दाण्यात, भुश्यात, चुऱ्यात विषाचं प्रमाण चांगल्या दाण्यापेक्षा जास्त असतं. त्यामुळे अख्खं धान्य चाळणीतून काढलं तरी विषाचा बराच वाटा खाली पडतो. चाळण्याएवढा स्वस्त उपाय दुसरा नाही. खाली पडलेला चुरा मात्र वाया जाऊ नये म्हणून परत कोंड्यात मिसळायचा नाही. हे लिहायला लागतं, कारण लोक तसं करतात.

ओलाव्याचा आकडा दुकानदाराला विचारा. धान्य १३-१४ टक्क्यांच्या आत हवं. मोठ्या व्यापाऱ्याकडे ओलावा मोजायचं यंत्र असतं. त्याने दाखवायला कां-कूं केलं तर दुसरं दुकान बघा.

गव्हाचा कोंडा फार आणून ठेवू नका. तो हवेतला ओलावा भराभर ओढतो. पंधरा दिवसांचा पुरे.

पायरी ३ : पोतं उघडताना

पोत्याचं तोंड उघडून वरचे दाणे बघणं म्हणजे तपासणी नव्हे. कोपरापर्यंत हात आत घाला. मधे गरम लागतंय का? निरोगी धान्य आत थंड असतं. आत ऊब लागली तर तिथे किडे किंवा बुरशी, बहुधा दोन्ही, कामाला लागलेली आहेत. मूठभर बाहेर काढा, ओंजळीत फुंकर मारा आणि मग नाक लावा. कुबट, मातकट, ओल्या भिंतीसारखा वास आला तर पोतं बाजूला. दाणे एकमेकांना चिकटून ढेकळं झाली असतील, टोकाशी काळपट किंवा गुलाबी छटा असेल, मुठीतून पीठ उडत असेल, तरीही बाजूला. गुलाबीसर मक्याकडे विशेष बघा, कारण फ्युजेरियम पुष्कळदा तो रंग सोडते.

ओलाव्याची घरगुती चाचणी आहे आणि ती खरंच चालते. झाकणाची कोरडी काचेची बरणी घ्या. त्यात तव्यावर नीट कोरडं करून थंड केलेलं बारीक मीठ तळाशी दोन बोटं भरा. वर निम्म्यापर्यंत धान्य घाला. झाकण लावून मिनिटभर हलवा आणि पंधरा मिनिटं ठेवून द्या. मीठ काचेला चिकटलं तर धान्यात साधारण १५ टक्क्यांच्या वर पाणी आहे, ते साठवायच्या लायकीचं नाही. काच स्वच्छ राहिली तर ठीक. पावसाच्या दिवशी ही चाचणी उघड्या पडवीत करू नका, मीठच ओलं होतं आणि चांगल्या मालावर आळ येतो.

या सगळ्यातून पास झालेलं पोतंही विषमुक्त असेलच असं नाही. विष दिसत नाही, त्याला वासही नसतो. तुमची तपासणी फक्त वाईटातला वाईट माल वगळते. पण तेवढ्यानेही खूप फरक पडतो.

पायरी ४ : पावसाळ्याची साठवण

माथेरान, महाबळेश्वर, पाचगणी, कोकणपट्टी, मुंबईचे तबेले या ठिकाणी जून ते सप्टेंबर हवेत इतका ओलावा असतो की कोरडं आणलेलं धान्यही महिनाभरात ओलं होतं. अॅस्परजिलस बुरशीला २५ ते ३५ अंश तापमान आणि दमट हवा हवी असते. आपला पावसाळा तिला तेच वाढून देतो.

पहिला नियम, साठाच कमी ठेवा. मे महिन्यात स्वस्त मिळतंय म्हणून चार महिन्यांची चंदी भरून ठेवायची जुनी सवय गवताला ठीक आहे, धान्याला नाही. पावसाळ्यात दर दोन-तीन आठवड्यांनी आणा. भाड्याचे पैसे जातात, पण घोड्याच्या एका सलाइनच्या खर्चात वर्षाचं भाडं निघतं. माथेरानसारख्या ठिकाणी, जिथे दस्तुरी नाक्याच्या पुढे खासगी गाडी जात नाही आणि बराचसा माल डोक्यावर, हातगाडीवर किंवा घोड्यावर वर न्यावा लागतो, तिथे हा सल्ला देणं सोपं आणि पाळणं अवघड आहे. तिथल्यांनी चार-पाच जणांत मिळून माल आणावा, म्हणजे एकाच्या घरी पडून राहत नाही.

दुसरा नियम, भांडं. तागाचं पोतं श्वास घेतं, म्हणजे पावसाळ्यात ओलावाही घेतं. घट्ट झाकणाची पत्र्याची कोठी किंवा जाड प्लास्टिकचा पिंप चांगला. पण त्यात भरायचं धान्य पूर्ण कोरडं हवं. ओलं धान्य बंद पिंपात घातलं तर आठ दिवसांत आत दही लागतं. उन्हात वाळवलेलं धान्य गरम असतानाच कोठीत भरू नका. रात्री पत्रा थंड झाला की आतल्या बाजूला घाम सुटतो आणि वरचा थर भिजतो. सावलीत पसरून पूर्ण निवू द्या, मग भरा.

पोतीच ठेवायची असतील तर जमिनीवर नाही, फळ्यांवर. वीतभर उंच, आणि भिंतीपासून हात-दीड हात लांब, म्हणजे हवा फिरते आणि मागचे उंदीर दिसतात. ताडपत्री पोत्यांवर गच्च गुंडाळू नका, छपराच्या गळतीपुरती वर तंबूसारखी बांधा. कोठी रिकामी झाली की तळ खरवडून, झाडून, कडक उन्हात ठेवा. जुन्या तळावर नवा माल ओतला तर बुरशीचं विरजण तुम्हीच घातलं असं समजा. जुनं आधी संपवा, पोत्यावर खडूने तारीख लिहा.

सोंडे लागले तर पटकन संपवायची घाई करू नका, ते पोतं वेगळं काढा. किडे धान्य फोडतात, ऊब आणि ओलावा वाढवतात, मागोमाग बुरशी येते. किड्यांसाठी बाजारात मिळणाऱ्या गॅसच्या गोळ्या पागेत किंवा चंदीच्या खोलीत वापरू नका. तो गॅस माणूस आणि घोडा दोघांनाही मारतो.

गवताची बुरशी यकृतापेक्षा आधी छातीला त्रास देते. धुळकट गवत झटकलं की ढग उठतो, घोडा खोकतो, नाकपुड्या फुगतात. असं गवत पाण्यात भिजवून घातलं तर धूळ बसते. पण विष धुतलं जातं असं समजू नका. काळं पडलेलं गवत अंथरूण म्हणूनही वापरू नका, घोडा अंथरूण खातो. गवत निवडताना त्यात दुसरं काय आलंय तेही बघा. खुळखुळ्याची झुडपं (शेंगा वाळल्या की खुळखुळ वाजतात) गवताबरोबर कापली जातात आणि त्यांच्यातलं विषही यकृतच खातं. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर भागात याच जातीच्या झुडपाने घोडे दिशाहीन चालत सुटत आणि मरत. घाणेरी म्हणजे टणटणीचंही तसंच, ती यकृताची वैरीण.

पायरी ५ : तोबरा आणि गव्हाण

तोबरा, म्हणजे घोड्याच्या तोंडाला बांधायची चंदीची पिशवी, हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. कॅनव्हासचा तोबरा लाळेने भिजतो, तळाशी कोंड्याचा लगदा राहतो, तसाच खुंटीला टांगला जातो आणि दुसऱ्या दिवशी त्यातच नवी चंदी. तोबरा उलटा करून शिवणीत बोट घाला, काय लागतं ते बघा. रोज उलटून झटकायचा, एक दिवसाआड धुवायचा, आणि दोन तोबरे ठेवायचे म्हणजे एक वाळत राहतो. पावसाळ्यात प्लास्टिकचं घमेलं बरं.

हरभरा भिजत घालत असाल तर रात्रीचा सकाळी संपला पाहिजे. उरलेला दुपारी, दुपारचा रात्री असं ढकलू नका. सिमेंटच्या गव्हाणीचे कोपरे आठवड्यातून एकदा ब्रशने घासा.

पायरी ६ : रोजची नजर

खरारा करताना घोड्याकडे बघायची सवय लावा. हळूहळू विष जात असेल तर चित्र असं असतं: चंदी उरते, वजन उतरतं, केस रुक्ष होतात, कामात दम लागतो, मधूनच बारीकशी पोटदुखी. यातलं एकेक लक्षण शंभर कारणांनी येतं. दोन-तीन एकत्र आणि त्याच सुमाराला नवं पोतं उघडलेलं, असं जुळलं तर सावध व्हा. म्हणून वहीत पोतं उघडल्याची तारीख लिहा. ती पुढे डॉक्टरांना तुमच्या सगळ्या बोलण्यापेक्षा जास्त उपयोगी पडते.

हिरड्या आणि डोळ्यातला पांढरा भाग आठवड्यातून एकदा दिवसाच्या उजेडात बघा. बल्बच्या उजेडात सगळेच घोडे पिवळे. काही निरोगी घोड्यांचे डोळे मुळातच जरा पिवळसर असतात, म्हणून आपल्या घोड्याचा नेहमीचा रंग माहीत असायला हवा. आणखी एक खास घोड्याची गोष्ट: दोन-तीन दिवस पोट रिकामं राहिलं, तर यकृत ठीक असूनही तो पिवळा पडतो. त्यामुळे पिवळेपणा दिसला की लगेच कावीळ म्हणायचं नाही. आणि खरी कावीळ असली तरी आपल्याकडे गोचिडांतून येणारे रक्तातले परजीवी हे त्याचं मोठं कारण आहे. सर्रा या आजारातही रक्त आटतं, घोडा खंगतो. म्हणून चंदीवर संशय असला तरी काचपट्टीवर रक्ताचा थेंब घेऊन परजीवी तपासायला सांगाच.

कातडीवर एक खूण असते, ती पंचकल्याणी, म्हणजे चारी पाय आणि तोंडावर पांढरं असलेल्या, घोड्यावर स्पष्ट दिसते. हिरवं गवत पचताना त्यातल्या हरितद्रव्यापासून एक पदार्थ तयार होतो, तो यकृत पित्तावाटे बाहेर टाकतं. यकृत थकलं की तो रक्तात साठतो, आणि जिथे कातडी गुलाबी आहे तिथे ऊन लागलं की ती भाजते. कपाळाचा टिळा, नाकाचा शेंडा, चार पांढरे पाय इथे लाली, फोड, खपल्या. शेजारची काळी-तांबडी कातडी मात्र धडधाकट, दोन्हींमधली सीमारेषा अगदी आखल्यासारखी. नाकावर मलम चोपडत बसू नका, घोड्याला सावलीत घ्या आणि रक्त तपासा. नुकरा, म्हणजे पूर्ण पांढऱ्या, घोड्याची कातडी सगळीच गुलाबी असते, त्याचं नाक साध्या उन्हानेही सोलतं. पण एरवी सोसणारा नुकरा एकाएकी भाजायला लागला तर तीच शंका घ्या.

आणि आता तातडीची लक्षणं. सारखी जांभई, भिंतीला डोकं टेकून उभं राहणं, एकाच दिशेने गोल फिरणं, ओठ लोंबणं, तोंडात घास तसाच ठेवून गुंगणं, दिसत नसल्यासारखं आपटणं. यकृत निकामी होऊन अमोनिया मेंदूत चढला तरी हे होतं आणि फ्युमोनिसिनने मेंदू गेला तरी हेच होतं. फ्युमोनिसिनमध्ये अशी लक्षणं दिसल्यावर घोडा काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत जाऊ शकतो. रेबीजही असाच दिसतो, म्हणून अशा घोड्याच्या तोंडात हात घालू नका. त्याच्या पुढे उभे राहू नका, मुलांना लांब ठेवा, अडथळे काढा आणि डॉक्टरांना फोन करा. रात्र असली तरी.

पायरी ७ : शंका आली की

चंदी ताबडतोब बंद. "आज अर्धी देतो, उद्या बघू" नाही. फक्त स्वच्छ गवत आणि पाणी. त्या पोत्यातलं सगळ्यांचं बंद, कारण बाकीचे घोडे बरे दिसतात म्हणून बरे असतात असं नाही.

पोतं फेकू नका, तोच पुरावा आहे. विष पोत्यात सगळीकडे सारखं नसतं. एका कोपऱ्यातले थोडेच दाणे जहाल असतात, बाकी पोतं जवळजवळ स्वच्छ. म्हणून वरून ओंजळभर उचलून लॅबला पाठवलेला नमुना बिनकामाचा. वर, मध्ये, तळाशी, कडेला अशा दहा-बारा ठिकाणांहून मूठमूठ काढा, मिसळा, त्यातला किलोभर कागदी पिशवीत भरा. प्लास्टिकमध्ये नमुन्याला घाम येतो आणि बुरशी वाटेतच वाढते. पिशवीवर तारीख, दुकान, धान्याचं नाव. अहवाल स्वच्छ आला तरी घोडा आजारी असेल तर ते पोतं परत वापरू नका. घोड्याने विषारी भाग आधीच खाल्लेला असू शकतो.

नमुना कुठे द्यायचा हे तालुक्याच्या पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना विचारा. परळचं मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय किंवा शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ असेल तर तिथून दिशा मिळते. अफ्लाटॉक्सिन बी-१ आणि फ्युमोनिसिन, दोन्हींची चाचणी मागा. नुसतं "बुरशी तपासा" म्हटलं तर बुरशीची जात कळेल, विष कळणार नाही. अफ्लाटॉक्सिनसाठी पशुखाद्यात २० पीपीबी, म्हणजे किलोमागे २० मायक्रोग्रॅम, ही मर्यादा साधारणपणे धरतात.

रक्ताच्या बाबतीत एक घोळ नेहमी होतो. गावात जनावरांची लॅब नसते, मग नमुना माणसांच्या लॅबमध्ये जातो आणि एसजीपीटीचा आकडा हातात येतो. माणसात आणि कुत्र्यात तो यकृताबद्दल सांगतो, घोड्यात जवळजवळ काहीच सांगत नाही. एसजीओटी स्नायू दुखावले तरी वाढतो, म्हणजे आदल्या दिवशी दौड झाली असेल तर वर जाणारच. घोड्यासाठी जीजीटी हवं, जमलं तर जीएलडीएच, पित्ताम्लं आणि बिलिरुबिन, आणि घोडा गुंगीत असेल तर अमोनिया. जीजीटी आणि पित्ताम्लं ही जोडी मला सगळ्यात कामाची वाटते. पहिलं सांगतं की यकृताला इजा होतेय का, दुसरं सांगतं की ते काम किती करतंय. पुणे-मुंबईच्या रेसकोर्सवरच्या, जोरात सराव चाललेल्या घोड्यांचं जीजीटी एरवीही थोडं वाढलेलं सापडतं, तेव्हा एका आकड्यावर निदान करू नका. पंधरा दिवसांनी परत काढा, वर चाललंय की खाली ते बघा.

पायरी ८ : बरा होत असताना

या विषांवर उतारा नाही. डॉक्टर सलाइन, ग्लुकोज, जीवनसत्त्वं, लागलं तर गुंगीचं औषध देतील, बाकी काम यकृताला स्वतः करायचं असतं आणि ते करतंही, जखमेचे व्रण फार झाले नसतील तर. तुमचं काम खाण्याचं. दिवसातून दोनदा भरपूर देण्याऐवजी पाच-सहा वेळा थोडं थोडं. साधं वाळलेलं गवत मुख्य. लसूणघास आणि हरभरा काही काळ बंद, कारण त्यांतली जास्तीची प्रथिनं अमोनिया वाढवतात. तेल-तूप बंद. थोडा गूळ चालतो. दिवसा सावली, चरायला सोडायचं तर संध्याकाळी. कामाला किती आठवड्यांनी जुंपायचं ते रक्ताच्या आकड्यावरून ठरवा, लग्नाच्या तारखेवरून नाही.

टॉनिकांबद्दल माझं मत कडक आहे. घोडा मलूल दिसला की "रक्त वाढवायला" लोहाचं इंजेक्शन किंवा सिरप द्यायची आपल्याकडे पद्धत पडली आहे. घोड्याला चाऱ्यातून लोह भरपूर मिळतं, आणि जास्तीचं लोह यकृतातच साठतं. आधीच दुखावलेल्या यकृतावर ते ओझं. डॉक्टरांनी रक्त तपासून सांगितल्याशिवाय लोह नको. मिल्क थिसल नावाच्या काटेरी वनस्पतीच्या अर्काची म्हणजे सिलिमरिनची औषधं मिळतात, नुकसान करत नाहीत. पण ती सुरू ठेवून जुनं पोतंही सुरू ठेवणारे लोक आहेत, त्यांना औषध काय करणार.

विष बांधणारी भुकटी, दुकानात जिला टॉक्सिन बाइंडर म्हणतात, तिचंही तसंच. बेंटोनाइटसारखी माती अफ्लाटॉक्सिनला आतड्यात चांगली धरते, फ्युमोनिसिनला मात्र फारशी धरत नाही. घोड्याला मारणारं विष नेमकं दुसरं. म्हणजे बाइंडर मिसळला म्हणून संशयित मका चालेल, हा हिशेब चुकीचा.

खराब माल कुठे घालायचा

घोड्यापुढून काढलेली चंदी बहुतेक घरांत म्हशीपुढे जाते, नाहीतर शेळ्या-कोंबड्यांपुढे. म्हैस धडधाकट राहील, पण अफ्लाटॉक्सिनचा काही भाग तिच्या दुधात एम-१ नावाच्या रूपात उतरतो. दूध तापवूनही तो जात नाही, आणि ते दूध घरातलं पोर पिणार असतं. पक्ष्यांचं, विशेषतः बदकांचं, यकृत तर फारच नाजूक. नमुना काढून झाला की उरलेलं पोतं विहिरीपासून लांब खड्ड्यात पुरा. ओतताना तोंडाला ओला रुमाल बांधा, धूळ छातीत जाऊ देऊ नका, आणि रिकामं पोतं दुकानदाराला परत देऊ नका. तो त्यातच पुढचा माल भरतो.